करवंदांचे काहीतरी

मराठीच्या प्राध्यापकाने पाकक्रियेवर लिहू नये, असा विद्यापीठाचा नियम असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरीसुद्धा आजवर मी त्या वाटेला गेलो नाही याचे कारण अगदी साधे आहे. मला चहापलीकडे काही करता येत नाही आणि तो चहासुद्धा आमच्या घरी पाहुण्यांना देत नाहीत. पण एक पदार्थ असा आहे की, तो होताना मी आरंभापासून अखेरपर्यंत हजर होतो. नुसता हजर होतो असे नव्हे, मी त्यासाठी दोन नारळ खवले आहेत. डाव्या हाताच्या अंगठ्यावरचा वण त्याची साक्ष देईल. तेव्हा त्या पदार्थाविषयी लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला पोचतो, असे मी समजतो.

२०२० सालच्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा मी श्रीवर्धनला काकूकडे गेलो होतो. चार दिवसांसाठी गेलेला मी टाळेबंदीमुळे चार महिने राहिलो. काका जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. काकू चौऱ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी, आणि घरामागे समुद्राच्या बाजूला उतरत गेलेली पोफळी-माडांची वाडी. माझा चुलतभाऊ, म्हणजे काकूचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनहून घाटावर गेले आणि १७१३ साली पेशवे झाले, तेव्हापासून आमच्या गावाला माणसे बाहेर धाडण्याची सवयच जडली आहे. कोणी पुण्याला जातो, कोणी मुंबईला, कोणी सातासमुद्रापलीकडे. मागे राहतात त्या वाड्या आणि त्यांना शिंपणाऱ्या म्हाताऱ्या.

भावाचा मला रोज रात्री फोन येई. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. वाडीला चांगले गिऱ्हाईक आले आहे, समुद्रालगतच्या जागेला आज भाव आहे, आईचे वय झाले आहे. "तू तिथे आयता आहेस. तुझं ती ऐकेल. तिला समजाव," तो म्हणे. मी "बघतो, बघतो" म्हणत असे. त्याचे चुकत होते असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. आठ हजार मैलांवरून रात्री-अपरात्री "आई पडली तर?" हा प्रश्न ज्याला जागवतो, त्याला लोभी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. मी मनातल्या मनात मुद्द्यांची जुळवाजुळव करीत होतो. वीस वर्षे व्याख्याने दिलेला माणूस मी. एका म्हाताऱ्या बाईची समजूत घालणे मला अवघड जाऊ नये!

मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी काकूच्या नातीचा फोन आला. तोंड दिसणारा फोन. ती पोर तेव्हा सतरा वर्षांची होती. टाळेबंदीत तिला स्वयंपाकाचा नाद लागला होता. तिने काचेचे एक भांडे पडद्यासमोर धरले. त्यात जांभळट काहीतरी होते आणि वर पिवळसर साय धरल्यासारखे दिसत होते.

"आजी, हे मी केलं. बेरीचं! आणि यात साखर अजिबात नाही."

काकूचा चेहरा पडला. "बेरीचं? अगं, तुमच्याकडे एवढं तूप कढवतात होय?"

ज्या वाचकांचा जन्म विकतच्या तुपावर गेला आहे त्यांच्यासाठी सांगायला हवे की, लोणी कढवून तूप गाळल्यावर भांड्याच्या बुडाशी जो खरपूस गाळ उरतो, त्याला आपण बेरी म्हणतो. लहानपणी साखर घालून ती खाण्यासाठी आम्हा भावंडांत मारामाऱ्या होत. मी मध्ये पडून बेरी म्हणजे करवंद-जांभळासारखी बारकी फळे, असा उलगडा केला. "मग करवंद म्हणावं की," असे म्हणून काकूने बारीकसारीक चौकशी आरंभली. खाली काय घालतेस? फळे. वर? घट्ट क्रीम आणि थोडे पीठ. मग? मग भट्टीत अर्धा तास. साखरेच्या ऐवजी? मेपलच्या झाडाचा रस आटवून करतात ती काकवी. "झाडाची काकवी!" काकू बराच वेळ त्या कल्पनेवर खूश होती.

साखर नाही या गोष्टीचे मला विशेष अगत्य होते. आदल्याच वर्षी डॉक्टरांनी माझ्या रक्तात साखर सापडल्याचे जाहीर केले होते आणि तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पिऊन ती गोष्ट चारचौघांना ऐकवीत असे. काकूच्या घरी मात्र या त्यागाचे कोणाला कौतुक नव्हते. त्या घराने साखर माझ्या आधी शंभर वर्षांपूर्वी सोडली होती. १९०५ साली वंगभंगानंतर स्वदेशीची लाट महाराष्ट्रात आली. परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला, तेव्हा माझ्या पणजोबांनी घरातली साखर समुद्रात टाकली म्हणतात. त्या साखरेला आपल्याकडे 'मोरस' म्हणत, कारण ती मॉरिशसहून येई. ती शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात ही बातमी तेव्हा घरोघर पसरली होती. हाडांच्या कोळशातून साखरेचा रस गाळण्याची रीत त्या काळच्या कारखान्यांत होतीही. पुढे स्वराज्य आले. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेकाठी सहकारी कारखाना उभा राहिला आणि साखर अस्सल मराठी झाली. आमच्या घरचे व्रत तरीही थोडेफार टिकलेच. चहापुरती साखर आली, पण पक्वान्नाला गूळच राहिला.

माझ्या धंद्याची खोड म्हणून येथे एक गोष्ट सांगतो. 'शर्करा' म्हणजे मुळात खडी, वाळूचे कण. हा शब्द आपल्याकडून इराणात गेला, तेथून अरबांकडे, तेथून युरोपात, आणि इंग्रजांचा 'शुगर' झाला. गंमत अशी की, गुळाला इंग्रज ज्या 'जॅगरी' नावाने ओळखतात, तोही याच शर्करेचा नातू. तो केरळातून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून इंग्रजीत शिरला. म्हणजे गूळ आणि साखर ही एकाच घरातली माणसे. एक गोरी होऊन परत आली, एक सावळी घरीच राहिली, इतकाच फरक. माझ्या डॉक्टरांनीही पुढे हेच सांगितले. "प्राध्यापकसाहेब, गूळ खाल्ला म्हणजे पथ्य पाळलं असं समजू नका. बहुतेक सगळी साखरच आहे ती." पण ते पुढे. त्या जूनमध्ये मी गुळाला निर्दोष समजत होतो.

२ जूनला डोंगराकडची कातकरीण करवंदे घेऊन आली. पिकून काळीभोर झालेली, देठाशी चिकाचा एखादा पांढरा थेंब असलेली, पानांच्या द्रोणांतली. हंगाम संपत आला होता. "आता पाऊस लागल्यावर नाही यायची, आजी," ती म्हणाली. काकूने टोपलीच रिकामी करून घेतली. दुपारी आम्ही ओटीवर बसून 'कोंबडा की कोंबडी' खेळलो. करवंद फोडून आतून लाल निघाला तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई त्या खेळात लबाडी करते हे मी शपथेवर सांगू शकतो.

दुसऱ्या दिवशी, ३ जूनला, 'निसर्ग' आले.

वादळाला निसर्ग हे नाव कोणी ठेवले असेल ते असो. दुपारच्या सुमारास ते अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा होता, असे नंतर वेधशाळेने सांगितले. आम्हाला वेग कळला नाही, आवाज कळला. माजघराची दारे लावून आम्ही दोघे देवघराशेजारी बसलो होतो. आधी कौले उडाल्याचा खडखडाट ऐकू आला. मग एक वेगळाच आवाज सुरू झाला. काडकन, काडकन, थोडे थांबून पुन्हा काडकन. काकू डोळे मिटून बसली होती. मला वाटले, ती जप करते आहे. तिचे ओठ हलत होते खरे. पण कान देऊन ऐकले तेव्हा कळले की, ती मोजत होती. एकेक पोफळ मोडत होती आणि ती मोजत होती. दीडशेच्या पुढे तिने मोजणे सोडून दिले.

संध्याकाळी आम्ही मागचे दार उघडले. आजवर त्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता. त्या दिवशी तो उघडा दिसला.

साडेचारशे पोफळी होत्या, काही काकांच्या वडिलांनी लावलेल्या, बऱ्याचशा काकांनी. उभ्या राहिल्या साठ-सत्तर. बाकीच्यांचे मधोमध तुकडे पडले होते, कित्येक मुळासकट आडव्या झाल्या होत्या, एकमेकींवर, काड्यापेटी सांडावी तशा. ज्या श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव देशभर आहे, जिच्यासाठी गावात सुपारी संशोधन केंद्र आहे, तिच्या वाड्याच्या वाड्या आमच्या आळीत भुईसपाट झाल्या होत्या. माडही गेले. खाली सगळीकडे नारळच नारळ. वीज गेली, फोन गेला, रस्ते बंद झाले.

मी मनाशी म्हणालो, आता समजूत घालायचे काम उरलेच नाही. वाऱ्यानेच ते केले. पोफळीचे रोप लावले तर सुपारी धरायला सहा-सात वर्षे तरी हवीत. तोवर काकू ऐंशीच्या पलीकडे. हा मुद्दा इतका बिनतोड होता की, तो मांडायची मला लाजच वाटत होती.

दोन दिवस आवराआवर केली. वाडीत काम करणारा गडी, पलीकडच्या आळीतले एक मुसलमान गृहस्थ व त्यांचे दोन मुलगे असे सगळे मिळून वाटेवरची झाडे तोडीत होते. त्यांच्या स्वतःच्या घरावरचे पत्रे उडाले होते, पण "आधी आजींची वाट मोकळी करू" म्हणून ते आले. ५ जूनला दुपारी काकू म्हणाली, "माणसं राबताहेत. यांना काहीतरी गोड द्यायला हवं."

स्वयंपाकघराचे छप्पर अर्धे उडाले होते. साखरेच्या डब्यात पावसाचे पाणी शिरून त्याचा पाक झाला होता आणि त्यात मुंग्यांनी जलसमाधी घेतली होती. मी सवयीने म्हणालो, "काकू, माझी साखर बंद आहे बरं का."

"इथं कुणाची चालू आहे?" काकू म्हणाली.

चिनी मातीच्या बरणीतली गुळाची अर्धी ढेप मात्र शाबूत होती. फडताळात करवंदे होती. तांदळाच्या पिठाचा डबा वर ठेवल्यामुळे वाचला होता. आणि नारळ? नारळांना काय तोटा! पायांखाली येत होते. दूध नव्हते, अंडी त्या घरात कधीच नव्हती, विजेची भट्टी असती तरी वीज नव्हती. काकूने या सगळ्यावर एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "चल, पोरीचं ते बेरीचं करू."

आता कृती सांगतो. दोन नारळ खवून घ्यावेत. हे काम प्राध्यापकाला देऊ नये. खोबरे पाट्यावर वाटून, अगदी थोडे कोमट पाणी शिंपडून, फडक्यातून दाट रस पिळावा. दोन वाट्या निघाला पाहिजे. दोन वाट्या करवंदे निवडून, मिठाच्या पाण्यातून काढून, चिरून बिया काढाव्यात. बिया राहिल्या तर कडवटपणा येतो आणि खाणारा थुंकत बसतो. पाऊण वाटी चिरलेला गूळ त्या रसात विरघळवावा, पाव वाटी तांदळाचे पीठ थोड्या रसात कालवून त्यात घालावे, मिठाची चिमूट टाकावी, आणि मंद आचेवर ढवळीत राहावे. रस उकळू द्यायचा नाही, नाहीतर तो फुटतो आणि तेल सुटते. गाईचे दूध असते तर गूळ आणि करवंदाचा आंबटपणा यांनी ते नासलेच असते. नारळाचा रस पिठाच्या आधाराने सांभाळून घेतो. पळीवरून दाट धार पडू लागली की उतरवावे. तूप लावलेल्या पातेल्यात खाली करवंदे पसरावीत, वर हे ओतावे, जायफळ किसून घालावे.

मग काकूने जे केले ते मी लहानपणी धोंडसाच्या वेळी पाहिले होते आणि विसरलो होतो. पडवीतल्या कोरड्या करवंट्या पेटवून तिने त्यांचे निखारे केले. पातेले चुलीवर ठेवून खालचा जाळ ओढून घेतला, वर सपाट झाकण ठेवले आणि त्यावर निखारे पसरले. वर विस्तव, खाली विस्तव. ज्या घराला भट्टी ठाऊक नव्हती, त्या घरच्या बायका काकडीचे धोंडस असेच भाजत आल्या आहेत. आमच्याकडे बाहेर मोठमोठी झाडे पडली होती, पण सगळी ओली. कामी आल्या त्या साठवलेल्या करवंट्या.

वीस-पंचवीस मिनिटांत गुळाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास सुटला. झाकण काढले तेव्हा वर तांबूस साय धरली होती आणि कडेने करवंदाचा जांभळा रस बुडबुडत वर आला होता. पलीकडच्या आळीतल्या त्या गृहस्थांनी पहिला घास घेऊन विचारले, "आजी, याला म्हणतात काय?"

"नाव कशाला हवं? खायचंय का बारसं करायचंय?" काकू म्हणाली. "करवंदांचं काहीतरी."

वरचा थर सायीसारखा मऊ, खाली आंबटगोड करवंद, आणि करवंट्यांच्या धुराची पुसट चव. मी दोनदा घेतले. माझी साखर बंद होती हे त्या वेळी माझ्या स्मरणात नव्हते.

माणसे गेल्यावर आम्ही दोघे मागच्या पायरीवर बसलो. समोर आडव्या पडलेल्या पोफळी आणि उघडा समुद्र. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असे मला वाटले. मी भावाचे म्हणणे सांगितले, गिऱ्हाइकाचे सांगितले, आणि शेवटी घसा साफ करून तो बिनतोड मुद्दाही मांडला. "काकू, पोफळ लावली तर सुपारी यायला सात वर्षं लागतात."

काकू पातेल्याच्या तळाची खरवड काढीत होती. ती म्हणाली, "आणि केळीला?"

"केळीला काय?"

"केळीला वर्ष लागतं. आता उन्हाला आडोसा कुठाय? उघड्यावर पोफळीचं रोप करपतं. आधी केळी लावायच्या. त्यांची सावली झाली की त्यात पोफळी. केळ्यांवर वर्षाचा खर्च निघतो." मग थोडे थांबून ती म्हणाली, "तुझ्या काकांनी लावल्या तेव्हा त्यांनी काय स्वतःचं वय मोजलं होतं?"

माझ्या मुद्द्याला उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. ती ऐंशीची होणार होती हे खरेच होते. पण मी तिला तिच्या नुकसानाविषयी सांगत होतो आणि ती मला शेतीविषयी सांगत होती, आणि शेतीतले मला काही कळत नाही, हे माझ्या ध्यानात आले. मी गप्प बसलो. तिने खरवड माझ्यापुढे सरकवली. "घे. बेरी आहे म्हण."

तीन आठवड्यांनी आमच्या आळीत वीज आली, फोन लागला. काकूने प्रथम नातीला सांगितले, "तुझं ते केलं हो. छान झालं. तुमच्या त्या क्रीमपेक्षा आमचा नारळ बरा." मग मी भावाशी बोललो. समजूत घालता आली नाही, असे कबूल केले. तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "रोपांना किती लागतील ते कळव." त्यानंतरही तो रागावून दोन-चारदा बोलला. "आईला काही झालं तर जबाबदार तू," असेही म्हणाला. त्या वाक्याचे ओझे अजून माझ्यावर आहे. काकू दोन वर्षांपूर्वी वाडीत पाय घसरून पडली तेव्हा ते मला चांगलेच जाणवले. सुदैवाने हाड मोडले नाही.

केळी त्याच पावसाळ्यात लागल्या, पोफळी पुढच्या. आता त्या माझ्या डोक्यावर गेल्या आहेत. मागच्या दारातून समुद्र पुन्हा दिसेनासा होऊ लागला आहे. सुपारी अजून धरलेली नाही. काकू ऐंशीला टेकली आहे. फोनवर ती मला सुपारीचे कधीच काही सांगत नाही, केळ्यांचा भाव सांगते.

दर मे महिन्यात मी श्रीवर्धनला जातो. करवंदे येतात, करवंट्यांचे निखारे होतात. डॉक्टरांनी गुळाचा खुलासा केल्यापासून मी एकदाच घेतो, तेही लहान वाटीतून. नारळ मात्र अजून मीच खवतो. त्या कामात मी सुधारलो आहे असे काकूचे मत नाही.